हाबीस, आरिया

२९ मार्च २०२३ ला बल्लारपूरचं सागवान अयोध्येच्या राममंदिरासाठी निघालं, तेव्हा त्याची पूजा झाली, वाजतगाजत शोभायात्रा निघाली. लाकडाच्या गिरण्यांमध्ये क्रेन चालवण्यात आयुष्य गेलेल्या आम्हा लोकांना त्याचा मनापासून आनंद झाला. ओंडक्यापुढे हात जोडणं आम्हाला नवीन नव्हतं. फक्त आमचा दिवस वेगळा होता, खंडेनवमीचा, आणि तेव्हा हात जुळायचे ते ओंडका उचलणाऱ्या क्रेनपुढे.

त्या दिवशी क्रेन धुऊनपुसून लख्ख व्हायची. वायररोपवरचं जुनं ग्रीस खरवडून नवं चढायचं. हूक छातीच्या उंचीवर खाली आणायचा, त्याला हळदकुंकू लावायचं, झेंडूची माळ घालायची आणि नारळ फोडायचा. मग तो हूक माळेसकट वर जायचा आणि दिवसभर रिकामाच राहायचा. वर्षभर वजन पेललेल्या लोखंडाला एक दिवस सुट्टी.

आताही पूजा होते. पण क्रेनला केबिनच उरलेली नाही, त्यामुळे कुंकू रिमोटला लागतं. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात आणि अर्ध्या तासात माल उचलायला सुरुवात होते. ऑर्डरी थांबत नाहीत, हे खरंच आहे.

आमच्या वेळी केबिन म्हणजे वर टांगलेली पत्र्याची खोली. लोखंडी शिडीने चढायचं, बसल्यावर पहिला रिकामा फेरा मारायचा आणि ब्रेकचा आवाज ऐकायचा. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की पत्रा हात लावू देत नसे, त्यात कंट्रोलरच्या रेझिस्टन्सची धग वेगळी. काही जण रेझिस्टन्सच्या जाळीजवळ डबा ठेवून भाजी गरम करत. नियमात बसणारं नव्हतं ते, पण दुपारी वर चढलेल्या हेल्परला वांग्याचा वास यायचा आणि तो अर्धी भाकर तिथेच खाऊन उतरायचा.

आजचा ऑपरेटर जमिनीवर, सावलीत उभा असतो. कमरेला पट्टा, पट्ट्याला रिमोट. वजन जास्त झालं तर क्रेन स्वतःच उचलायचं नाकारते. आम्ही ते डोळ्याने ठरवत होतो. दहा फूट लांब, पाच फूट घेराचा ओंडका समोर आला की घेराचा चौथा भाग, त्याचा वर्ग, गुणिले लांबी, हा हिशेब डोक्यात व्हायचा. साधारण साडेपंधरा घनफूट. ओलं सागवान असेल तर अर्ध्या टनाच्या आसपास. हे सगळं नजरेवर सोडणं किती धोक्याचं होतं, ते आज कळतं. स्लिंगचे दोन पाय फार फाकले, त्यांच्यातला कोन १२० अंशांवर गेला, तर प्रत्येक पायावर पूर्ण ओंडक्याएवढा ताण येतो. हे आम्हाला कुणी फळ्यावर शिकवलं नाही. तुटलेल्या दोरांनी शिकवलं, आणि काहींच्या पायांची बोटं त्यात गेली. क्रेन धावते त्या रुळाजवळ माणूस काम करत असेल तर क्रेन त्याच्यापासून सहा मीटरच्या आत येऊ द्यायची नाही, असं १९४८ चा कारखाना कायदा सांगत होता. आमच्या यार्डात ते अंतर कुणी मोजलेलं आठवत नाही.

तेव्हा जुनं ते सोनं, असं मी म्हणणार नाही. आमच्या आधीच्या पिढीने आल्लापल्ली, कमलापूरच्या जंगलात हत्तींकडून ओंडके ओढून घेतले होते. त्यांच्यातले म्हातारे आमच्या क्रेनकडे बघून म्हणायचे, याला नाव घेऊन हाक मारता येत नाही. तेव्हा आम्हाला ते जुनाट वाटलं. आता आमची पाळी आहे, म्हणून माझ्या हळहळीवर मी पूर्ण विश्वास ठेवत नाही.

तरी एक गोष्ट खरंच गेली, आणि ती आठवणीने गोड केलेली नाही. ती म्हणजे खालचा माणूस. ओंडक्याला स्लिंग घालणारा खलाशी खाली आणि आम्ही वर. मध्ये आऱ्याचा असा आवाज की स्वतःचं बोलणं ऐकू येऊ नये. ‘हाबीस’ म्हणजे उचल, ‘आरिया’ म्हणजे सोड, हे तो ओरडायचा, पण आम्ही ऐकायचो ते त्याच्या हातांचं. तर्जनी वर करून छोटं वर्तुळ फिरवलं की उचल. बोट खाली करून फिरवलं की सोड. आणि सगळ्यांत नाजूक खूण ‘सावकाश’ची: एका हाताचं बोट फिरतंय आणि त्यावर दुसरा तळवा स्थिर धरलेला. आरा ओंडका घेण्याआधी ट्रॉलीवर तो दोन बोटं सरकवायचा असला की हा तळवा दिसायचा आणि आमचा श्वास आपोआप मंद व्हायचा. चेहरा उन्हात नीट दिसायचा नाही, पण हातांवरून माणूस ओळखू यायचा. रात्री झोप झालेली नाही, घरी काही बिनसलंय, हेही त्या हातांत दिसायचं. मग आम्ही वेग कमी करायचो. तो कारण विचारायचा नाही.

आज स्लिंग घालणारा आणि बटण दाबणारा अनेकदा एकच माणूस असतो. ओंडका त्याच्या समोर असतो, त्यामुळे त्याला अचूक दिसतं, हे मान्य. पण चूक होताना बघणारी दुसरी नजर त्याच्यापाशी नाही.

लाकूडही तेच राहिलेलं नाही. डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जंगलतोडीला लगाम घातला आणि तो घालायलाच हवा होता. २०१४ मध्ये म्यानमारने गोल लाकडाची निर्यात बंद केली. लागवडीचं परदेशी सागवान आता कंटेनरमधून येतं, बरंचसं बारीक घेराचं. वन खात्याच्या हातोड्याचा शिक्का बसलेल्या जाड बुंध्यावर लोखंडी पहार ठोकून तो आतून पोकळ आहे का हे ऐकायचं, ते काम कमी झालं. नव्या मुलांना तो आवाज कसा असतो हे दाखवायला बुंधाच मिळत नाही.

रिमोट परत करा, असं मी कुणाला सांगणार नाही. माझा मुलगा या धंद्यात आला असता तर त्याला केबिनमध्ये चढू दिलं नसतं. पण आज क्रेन चालवणाऱ्या प्रत्येकाला एक विनंती आहे. हातांच्या खुणा शिका, आणि ओंडक्याजवळ फिरणाऱ्या हमालापासून चहावाल्या पोरापर्यंत सगळ्यांना निदान एक खूण शिकवा. उचल, सोड, सावकाश या खुणा ठरलेल्या एकाच माणसाच्या ऐकायच्या असतात. थांब ही खूण मात्र यार्डातल्या कुणीही केली तरी पाळायची असते.