आपोआप पडणारा गिअर

डावा गुडघा क्लच दाबण्यास नकार देऊ लागला, तेव्हा नांदुऱ्याहून खेडोपाडी रुग्णभेटीस जाणे थांबते की काय, या काळजीने आम्हांस ग्रासले. अखेर २०१४ साली 'सेलेरिओ'ने आपल्याकडे रूढ केलेल्या जातीची, स्वतःच गिअर टाकणारी मोटार आम्ही घेतली. वेग किती व ॲक्सिलरेटर किती दाबला, यांवरून तिचा संगणक निर्णय घेतो. हा हिशेब कारखानदार आधी संगणकातील प्रतिकृतीवर, मग चाचणीमंचावर व शेवटी रस्त्यावर पारखतात. मौज अशी, की वरचा गिअर ज्या वेगाला पडतो, त्याच वेगाला तो उतरत नाही. वेग आणखी खाली यावा लागतो. एरवी गाडी दोन गिअरांत हेलकावतच राहिली असती. गिअर पडतानाचा क्षणभराचा झोका मात्र आम्हांस अजून खटकतो. मलकापूरच्या वाटेवर ट्रक ओलांडताना आम्ही दांडा सरकवून गिअर हातानेच टाकतो. गुडघ्याची त्याला हरकत नसते.