मुखवट्यामागचा पोरगा आणि पेपरचा मालक

‘स्पायडरमॅन’ ही कार्टून मालिका अमेरिकेत १९६७ साली सुरू झाली आणि १९७० पर्यंत तिचे ५२ भाग निघाले. आपल्याकडे ती १९८० नंतरच्या दशकात दूरदर्शनवर लागायची. तेव्हा आम्ही नायगावच्या बीडीडी चाळीत राहायचो. मजल्यावर टीव्ही एकाच घरात, तोही ब्लॅक अँड व्हाइट. त्यामुळे त्याचा लाल-निळा पोशाख आम्हांला कधी लाल-निळा दिसलाच नाही. इंग्रजी कळत नव्हते. भिंतीवर चढणे तेवढे कळायचे, आणि दुसऱ्या दिवशी जिन्याच्या कठड्यावर त्याची तालीम चालायची.

या मे महिन्यात ती सगळी मालिका सावर्ड्याच्या घरी पुन्हा पाहायला मिळाली. बोटीवर नोकरी करणाऱ्या भाच्याने अमेरिकेतून डीव्हीडींचा संच आणला होता. २००४ साली निघालेला, सहा तबकड्यांचा. तिकडच्या तबकड्या इकडच्या साध्या प्लेअरवर लागत नाहीत, म्हणून कॉम्प्युटरवर लावल्या. शेजारी पुतण्या बसला होता. तो इथल्याच सह्याद्री कला महाविद्यालयात शिकतो. चित्रकलेच्या पोराबरोबर कार्टून पाहणे ही एक शिक्षाच! दर दोन मिनिटांनी थांबवून तो दाखवणार : काका, बघा, जाळीच्या रेघा फक्त तोंडावर, हातमोज्यांवर आणि बुटांवर आहेत, बाकी अंग कोरे. का, तर हजारो चित्रांत तेवढ्या रेघा ओढायचे श्रम आणि पैसे वाचावेत म्हणून. पहिल्या हंगामानंतर मूळ कंपनीचे दिवाळे निघाले. पुढचे भाग राल्फ बाक्षी यांनी थोडक्या पैशांत काढले. त्यांत तीच ती चित्रे फिरून फिरून येतात. एका भागात तर चक्क दुसऱ्याच मालिकेतली चित्रे घातली आहेत. गरिबाच्या संसारासारखे हे काम मला आवडले.

पण खरी गोष्ट आता कळली ती वेगळीच. हा पीटर पार्कर आईबापाविना वाढलेला पोरगा. म्हाताऱ्या काकूजवळ राहतो, शिकतो आणि चार पैसे मिळावेत म्हणून ‘डेली ब्यूगल’ नावाच्या पेपरला फोटो विकतो. पेपर जेम्सन नावाच्या माणसाचा. त्याचा स्पायडरमॅनवर विलक्षण राग. त्याने शहर वाचवले तरी दुसऱ्या दिवशी पेपरात तोच गुन्हेगार! एका भागात तर त्याला पकडायला हा मालक यंत्रमानव सोडतो आणि त्या यंत्राच्या पडद्यावर स्वतःचे तोंड दाखवतो. आणि त्या बदनामीसोबत छापायला फोटो कोण देतो? पीटर स्वतःच.

धाकट्या पुतणीने विचारले, “मग हा त्याला फोटो देतोच कशाला?”

पुतण्या म्हणाला, “पोटासाठी.”

मला १९९१ साल आठवले. बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीची मिरवणूक आमच्या बौद्धवाडीतून निघून मुंबई-गोवा रस्त्याने गेली. लेझीम होते, बायका पांढऱ्या साड्यांत, आमची आजी काठी टेकत पुढे. दोन दिवसांनी एका पेपरात बातमी आली, ती एवढीच की मिरवणुकीमुळे रस्ता अडला. सोबत फोटो होता. तो काढला होता आमच्याच वाडीतल्या मुलाने. त्याला त्याचे पंधरा रुपये मिळाले होते. वाडीत त्याला फार बोलणी बसली. आजी मात्र म्हणाली, “त्याने फोटो चांगला काढलान, वाईट लिवलान तो दुसराच.”

कार्टूनशी बाबासाहेबांची तुलना मी करणार नाही. परंतु पेपर दुसऱ्याच्या हाती असला म्हणजे काय होते, हे त्यांच्याइतके कोणी ओळखले नव्हते. ३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला. शाहू महाराजांनी त्यासाठी अडीच हजार रुपये दिले. त्याची जाहिरात पैसे घेऊनही छापायला ‘केसरी’ तयार झाला नाही. बाबासाहेब तेव्हा सिडनहॅम कॉलेजात सरकारी नोकरीत प्राध्यापक होते, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग नंदराम भटकर यांचे. पुढे महाडला २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचे पाणी घेतले आणि दोनच आठवड्यांत, ३ एप्रिलला, ‘बहिष्कृत भारत’ सुरू झाला. पाणी घेणाऱ्यांवर झोड उठवणाऱ्या पत्रांना त्यातून उत्तरे गेली. ते महाड आमच्या सावर्ड्याच्या याच रस्त्यावर आहे. एसटीने मुंबईला जाताना दर वेळी लागते.

हे सगळे पोरांना सांगेपर्यंत कॉम्प्युटरचा पडदा झोपी गेला होता. पुतणीने त्याला पुन्हा जागे केले. स्पायडरमॅन त्याच त्या इमारतींवरून परत एकदा झोका घेत होता आणि पुतण्या इमारती मोजत होता.