माजघरातील उजेड

ग्रीक भाषेतून आलेल्या ‘फोटोग्राफी’ या शब्दाचा मूळ अर्थ उजेडाने लिहिणे असा आहे. आपल्या मराठीने मात्र त्यास ‘छायाचित्र’ म्हटले; म्हणजे उजेड सोडून छाया पत्करली. वरवर पाहता हे उलटे दिसते. परंतु ज्याने घरातील मंगलकार्याची चित्रे घेतली आहेत, त्यास यातील मर्म तत्काळ कळेल. उजेड कोणासही पाडता येतो. छाया कोठे व किती पडावी हे ठरविणे कठीण.

मराठवाड्यातील जुन्या घरांत हा प्रश्न विशेष जाणवतो. जाड भिंती, वर माळवद आणि लहान खिडक्या अशी आमच्या मुदखेडच्या घराची बांधणी आहे. वैशाखात तिचे सुख काय वर्णावे! परंतु भर दुपारीही माजघरात तिन्हीसांज असते. परिणाम असा की, घरातील चित्रसंग्रह उघडला म्हणजे पुरुषमंडळी अंगणात व ओसरीवर स्वच्छ उन्हात विराजमान दिसतात, मांडवातला बटू दिसतो, जावईबापू दिसतात. पण ज्यांनी पन्नास माणसांची पाने वाढली, त्या स्त्रिया कोठेच नाहीत. आमच्या थोरल्या वहिनींनी अठ्ठ्याहत्तरी गाठली. या घरात येऊन त्यांना पंचावन्न वर्षे झाली. त्यांचे एकटीचे धड चित्र म्हणजे आधारकार्डावरचे!

पुतण्याच्या मुलाने कॅमेऱ्यासाठी स्वतंत्र फ्लॅश घेण्याची गोष्ट काढली, तेव्हा घरात साहजिकच ‘हा छंद कशाला?’ असा सूर निघाला. वहिनींचे ते कार्ड मी पुढे ठेवले आणि चर्चा ‘घ्यावा की नाही’ येथून ‘कोणता घ्यावा’ येथवर आली. त्यानिमित्त नातवाबरोबर बसून जे समजून घेतले, ते इतर कुटुंबांस उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

कृत्रिम चमकेचा इतिहास फार जुना नाही. १८८७ साली जर्मनीत मॅग्नेशियमची भुकटी पेटवून चित्रे घेण्याची रीत निघाली. तीत धूर व भाजण्याचे भय असे. १९३१ च्या सुमारास अमेरिकेत हॅरल्ड एजर्टन यांनी विजेच्या क्षणिक चमकेचे साधन सिद्ध केले. आजचे फ्लॅश त्याच कुळातील.

कॅमेऱ्यातच बसविलेला लहान फ्लॅश पुरत नाही काय? त्याची शक्ती थोडी आणि जागा भिंगाच्या अगदी जवळ. त्यामुळे चेहरा पिठासारखा पांढरा, मागे भिंतीवर काळी सावली. शक्ती मोजण्यास ‘गाइड नंबर’ नावाचा अंक असतो. त्यास भिंगाच्या छिद्राच्या आकड्याने भागले म्हणजे उजेड किती मीटर पोचेल ते निघते. अंक १० आणि छिद्र एफ ४ असेल, तर अडीच मीटर. स्वतंत्र फ्लॅशच्या खोक्यावर ६० सारखा अंक असतो. मात्र तो झोत अगदी अरुंद करून काढलेला असतो. घरात लागणाऱ्या रुंद झोतात तो बराच उतरतो, हे ध्यानात ठेवावे.

अंकापेक्षाही महत्त्वाचा गुण म्हणजे फ्लॅशचे डोके वर व बाजूस वळले पाहिजे. उजेड माणसाच्या तोंडावर न टाकता चुना दिलेल्या भिंतीवर टाकावा. मग ती भिंतच मोठ्या खिडकीचे काम करते आणि छाया मऊ होतात. आमच्या माळवदाचे लाकूड काळसर. ते उजेड गिळते. हिरव्या-निळ्या भिंतीवरून परतलेला उजेड चेहऱ्यासही तोच रंग देतो. अशा वेळी दोरीवर पसरलेले पांढरे धोतर उत्तम काम देते. त्यासाठी वेगळे उपकरण विकत घेण्याचे कारण नाही.

कॅमेऱ्याच्या मूळ कंपनीचा फ्लॅश उत्कृष्ट खरा, पण महाग. गोडॉक्सचा टीटी६०० किंवा योंगनुओचा वायएन५६० यांसारखे हाताने शक्ती ठरवावयाचे फ्लॅश त्या मानाने पुष्कळ स्वस्त पडतात. त्यांत पूर्ण, अर्धी, पाव अशी शक्ती आपण योजावयाची. शब्दांची रूपे पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यास जो लाभ होतो, तोच येथे शिकाऊ माणसास होतो. मात्र बटूच्या मागे धावत चित्रे घ्यावयाची असतील, तर भिंगातून उजेड मोजून शक्ती आपोआप ठरविणारा, टीटीएल पद्धतीचा फ्लॅश सोयीचा.

एक सावधगिरी अगत्याची. कॅननच्या ३०००डी व २००डी मार्क २ या कॅमेऱ्यांच्या माथ्यावरील खाचेत मधला विद्युत्स्पर्श ठेवलेला नाही. त्यांवर साधे हस्तचलित फ्लॅश बसतात, पण चमकत नाहीत. म्हणून दुकानात आपला कॅमेरा घेऊन जावे, लावून पाहावे आणि मगच पावती करावी. जुन्या पेटीतला फ्लॅश नव्या कॅमेऱ्यावर चढविण्याचा मोहही आवरावा. काहींच्या स्पर्शास शेकडो व्होल्टचा दाब असतो व त्याने कॅमेरा बिघडू शकतो.

जोडसामानात प्रथम सेल. एकाच जातीचे चार पुनर्भारणीय निकेल-मेटल हायड्राइड सेल, चार सुटे, आणि प्रत्येक सेल स्वतंत्रपणे भारणारा चार्जर. काम संपताच सेल काढून ठेवावेत. दुसरे, नारिंगी पारदर्शक कागदाचा तुकडा. तो फ्लॅशवर लावला म्हणजे त्याचा उजेड समईच्या उजेडाशी जुळतो. छत्री, तिवई, दूरचालक ही मंडळी पुढे, हात बसल्यावर.

समईवरून आठवले. शटर फार जलद ठेवले की ज्योत निस्तेज दिसते. एक-तीसांश सेकंदाच्या आसपास ठेवल्यास समईचा उजेड टिकतो आणि चेहरा फ्लॅशने उजळतो. जलद बाजूस साधारण एक-द्विशतांशाच्या पलीकडे जाऊ नये. गेल्यास पडद्याची सावली चित्रावर काळ्या पट्ट्याच्या रूपाने उतरते.

भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या. नातवाने माजघरात धोतर बांधले. वहिनी मुखवट्यांना हळदीकुंकू लावीत होत्या, चमक झाली तशा म्हणाल्या, “भाऊजी, वीज कुठं पडली हो?” चित्रात मुखवट्यांचे सोनेरी किरीट आहेत, समई आहे, आणि वहिनींच्या कपाळावरची प्रत्येक सुरकुती आहे.

अशी चित्रे यंत्रात कोंडून ठेवू नयेत, कागदावर उतरवावीत. आम्ही नांदेडहून तीन प्रती आणविल्या. एक देवघराशेजारी लावली, एक संग्रहात ठेवली. तिसरी वहिनींनी मागून घेतली व उमरीला, माहेरी, धाकट्या बहिणीकडे धाडली. तिनेही आता आपल्या नातवास फ्लॅशची चौकशी करावयास लावले आहे.