शिलकीतली अळमी

चवथीला नातू तुयेला आला तो 'सुपर मारिओ पार्टी' घेऊनच. टीव्हीवर फासा टाकायचा, पटावर पुढे सरकायचं. त्यातलं मशरूम म्हणजे आपली अळमीच! वापरली की दानात तीन वाढतात. सोनेरी असली तर पाच. मी बँकवाला, शिलकीत ठेवत गेलो.

"आजोबा, डाव संपला की ती फुकट जाते."

आमची ही रोयणीवरची अळमी आणली की त्याच दिवशी रांधायची. उद्यावर टाकायची नाही. काशीला जाऊया, असंही म्हणायची. मी म्हणायचो, आधी ठेव पिकू दे. ती पिकली तेव्हा ही नव्हती.

दुसऱ्या डावात अळमी मिळाल्या मिळाल्या वापरली. तरी हरलोच.