ॲबिंग्डनची गंजकी गाडी

मुलांनो, इंग्लंडात ऑक्सफर्डच्या दक्षिणेला, थेम्सच्या काठी ॲबिंग्डन हे गाव आहे. १९६२ ते १९८० या काळात इथल्या कारखान्यातून पाच लाखांवर एमजीबी गाड्या बाहेर पडल्या. बऱ्याचशा उघड्या टपाच्या, दोघांपुरत्या, काय ऐटबाज! १९८० मध्ये कारखाना बंद पडला. गाड्या मात्र अजून कुणाच्या तरी गॅरेजात धूळ खात सापडतात.

अशी गाडी मिळाली तर आधी काय कराल? रंग? छे! दाराखालचा पत्रा टोकरून बघा. हिला वेगळी चॅसी नाही. वर टपही नाही, म्हणून बराच भार याच पेटीसारख्या पत्र्यांवर. नेमका तिथेच चिखल साचतो नि पत्रा आतून गंजतो. तो कापण्याआधी दाराच्या मोकळ्या जागेत लोखंडी आधार जोडतात. नाहीतर गाडी मधोमध खचते, मग दार नीट लागायचं नाव घेत नाही. इंजिनाची पाळी त्यानंतर.