मुळशीच्या पाण्याखालची भातखाचरे

पुण्याहून ताम्हिणी घाटाकडे जाणारा रस्ता हल्ली सहलीचा रस्ता झाला आहे. भूगाव, पिरंगुट, पौड मागे पडले की डोंगरांच्या कुशीत पसरलेले मुळशीचे पाणी दिसू लागते. पावसाळ्यात येथे गाड्यांची रीघ लागते. धबधबे पाहावेत, भाजलेले कणीस खावे आणि घरी जावे, असा बहुतेकांचा बेत असतो. पण वाचकहो, शेतकऱ्याने येथे थोडे थांबावे. या पाण्याखाली आपल्यासारख्यांचीच शेते आहेत.

हा मुलूख मावळचा. पाऊस दांडगा. नदीकाठाला भातखाचरे आणि डोंगरउतारावर नाचणी, वरई. उन्हाळ्यात राब भाजायचा, मृगात रोप टाकायचे, आषाढात आवणी करायची. आंबेमोहर हे इथले नावाजलेले भात. घरात शिजू लागले की ओटीपर्यंत वास दरवळतो. अशी खाचरे एका वर्षात होत नाहीत. डोंगरावरून वाहून येणारी माती बांधाशी अडवायची, दगड वेचायचे, वाफा सपाट करायचा, असे पिढ्यान् पिढ्या चालते. भरपाईचा आकडा मांडताना हे कष्ट कोणत्या रकान्यात धरायचे, हा प्रश्न तेव्हाही होता आणि आजही आहे.

मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. त्यासाठी टाटांच्या वीज कंपनीने मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे ठरवले. पन्नासांवर गावे आणि सुमारे अकरा हजार माणसे त्यात सापडणार होती. कंपनीने आधी न विचारताच लोकांच्या शेतांत चाचणीचे चर खणले आणि असंतोष पेटला. धरण कंपनीचे, पण जमीन घेऊन देणार सरकार, तेही १८९४ च्या भूसंपादन कायद्याने. त्या कायद्याला शेतकऱ्याच्या संमतीची गरजच नव्हती.

१६ एप्रिल १९२१, रामनवमीचा दिवस. शेकडो मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा होती. बायकाही सत्याग्रहात उतरल्या. पांडुरंग महादेव बापट आणि विनायकराव भुस्कुटे ही मंडळी पुढे होती. याच लढ्याने बापटांना ‘सेनापती’ ही पदवी दिली. गांधीजींनीही ‘यंग इंडिया’तून टाटांना आवाहन केले. काही काळ काम थांबले, पुन्हा सुरू झाले. धरपकड झाली. १९२४ मध्ये बापटांनी कंपनीची कामगार गाडी अडवली, त्याबद्दल त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि लढा संपला.

लढा मोडला तो केवळ तुरुंगामुळे नव्हे. खोऱ्यातली बरीच जमीन कर्जापायी पुण्याच्या सावकारांकडे गेली होती. जमीन कसणारा वेगळा आणि कागदावर नाव वेगळ्याचेच. सावकारांना भरपाईत रस होता, कुळांना जमिनीत. सावकार पैसे घेऊन मोकळे झाले आणि कुळांच्या पायाखालची माती सरकली.

१९२७ मध्ये भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. पूर्वेला भीमेकडे जाणारे पाणी बोगद्यातून सह्याद्रीपार नेऊन सुमारे पाचशे मीटर खाली कोकणात सोडले गेले. मुंबईला वीज मिळाली. भिऱ्याचे पाणी कुंडलिकेत उतरून खाली रोह्याकडच्या शेतीलाही मिळते, हेही खरे. उद्योग वाईट आणि वीज नको, असे कोणता शेतकरी म्हणेल? पण वीज एकाला, पाणी दुसऱ्याला आणि उठायचे तिसऱ्याने, हा हिशेब मावळ्यांना पटला नाही. पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात झाला तो १९७६ मध्ये, म्हणजे मुळशीवाले उठल्यावर पन्नास वर्षांनी. ज्या गिरण्यांसाठी हे सारे झाले, त्यातल्या बहुतेक १९८२ च्या संपानंतर बंद पडल्या. खाचरे काही वर आली नाहीत.

आज याच मुळशी तालुक्यात हिंजवडीची संगणक कंपन्यांची वसाहत आहे, आणि रस्त्याकडेच्या शेतांत जमीनविक्रीच्या पाट्या दिसतात. १८९४ चा कायदा जाऊन २०१३ चा कायदा आला. खासगी कंपनीसाठी सरकारने जमीन घ्यायची तर आता ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते. बागायती, दुपिकी जमीन शक्यतो घेऊ नये, असेही तो सांगतो. मात्र एमआयडीसी १९६१ च्या स्वतंत्र कायद्याने जमीन घेते, तेथे ही संमतीची अट नाही. म्हणून नोटीस आली की ती कोणत्या कायद्याखाली आहे हे आधी वाचावे आणि हरकत मुदतीत, लेखी द्यावी.

त्याहीआधी करायचे काम घरचेच आहे. सातबारा काढून पाहावा. वारसनोंद राहिली आहे का, आईचे, बहिणीचे नाव लागले आहे का, जुन्या कर्जाचा बोजा उतरला आहे का, हे एकदा सर्वांनी मिळून बसून तपासावे. मुळशीच्या मावळ्याकडे हिंमत होती, गाव पाठीशी होते. नव्हता तो कागद. निदान तेवढा तरी आपल्या पेटीत असू द्यावा.