फ्लॉपीतून घरी आलेली पानं

मूर्तिजापुरात आम्हा भावंडांनी इंटरनेट घरी आणलं ते खिशातून. स्टेशन विभागातल्या कॅफेत तासावर पैसे लागत, म्हणून तिथं बसून वाचायची चैन नव्हती. पान उघडायचं, सेव्ह करायचं, फ्लॉपीत भरायचं आणि सायकलला टांग मारून जुन्या वस्तीतलं घर गाठायचं. 1.44 एमबीत मावेल तेवढंच घरात येणार, त्यामुळे निवड कडक: दादाला स्पर्धा परीक्षेचं, ताईला भरतकामाचे नमुने, आबाजींना रेल्वेचं काहीही.

त्यातही खोडी होत्या. पान एकीकडे, चित्रं दुसऱ्या फोल्डरात. फोल्डर कॅफेतच राहिलं की घरी नुसत्या चौकटी आणि लाल फुल्या. इंटरनेट एक्स्प्लोररमध्ये सगळं एकाच एमएचटी फाइलीत बांधता येतं, हे दादानं शोधलं आणि घरात तो इंजिनिअर ठरला. मराठी वर्तमानपत्रांचा घोळ आणखी निराळा. युनिकोड रुळलं नव्हतं, ज्याचा त्याचा फॉन्ट वेगळा; कॅफेत स्वच्छ दिसलेला अग्रलेख घरी इंग्रजी अक्षरांचा काला होऊन उघडायचा. फॉन्ट पोटात घेऊन येणारी पीडीएफ हाती लागली, तेव्हा कुठं तो धड पोचू लागला.

आईला या साठवणीचं नवल नव्हतं. जमाखर्चाच्या जुन्या वहीत तिनं खळीनं चिकटवलेली कात्रणं होतीच: पाककृती, कापसाचे भाव, गाडगेबाबांवरचे लेख. गाडगेबाबांचं बालपण तालुक्यातल्याच दापुऱ्याला मामाकडे गेलेलं. त्यांच्यावर काही छापून आलं की तिची कात्री निघायची.

संध्याकाळी सगळे कॉम्प्युटरभोवती. आमच्या गावाहून यवतमाळला जाणाऱ्या शकुंतला रेल्वेवरचा इंग्रजी लेख ताई मराठीत सांगत जायची. 1994 साली वाफेचं इंजिन जाऊन डिझेल आलं, इथवर आली की आबाजी अडवत. "कोळशाचे कण डोळ्यात जायचे, ते काहून नाही लिवलं?" मग लेख राहायचा बाजूला आणि त्यांची यवतमाळची गाडी सुटायची. एवढ्यात भारनियमनाची वेळ व्हायची, पडदा काळा. "ऑफलाइन म्हणता न बाप्पा, मंग लाइन गेल्यावर काहून बंद पडते?" यावर आमच्याकडे उत्तर नसे.

आता भावंडं पुण्या-नागपूरला पांगली. घरच्या ग्रुपवर कोणी लिंक टाकली, की खाली लगेच उमटतं, "लिंक नको, पीडीएफ टाक." पोरं हसतात, जे आज दिसतं ते उद्याही तिथंच असणार, असा त्यांचा हिशेब. दादा मग फ्लॉपीतली पानं उतरवलेली जुनी सीडी काढतो. जिओसिटीज हे संकेतस्थळ 2009 मध्ये बंद झालं, शकुंतलाही थांबली. तिच्यावर हौशी लोकांनी लिहिलेली तिथली पानं मात्र त्याच्याकडे चित्रांसकट उघडतात.